ऑइल गेलं कुठं?

गाडीच्या टाकीत चाळीस-पंचेचाळीस लिटर डिझेल मावतं. इंजिनात तीन-चार लिटर ऑइल असतं, रेडिएटरच्या वाट्याला चार-पाच लिटर कूलंट येतं. आणि तेराशे किलोची ती गाडी आतल्या माणसांसकट ज्याच्या भरवशावर थांबते, ते ब्रेक ऑइल अख्ख्या यंत्रणेत मिळून असतं अर्धा ते एक लिटर! बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या जवळ जी दुधी रंगाची डबी दिसते, तिच्यात तर त्यातलंही थोडंसंच. बाकीचं चारही चाकांकडे जाणाऱ्या नळ्यांत.

डबीतली पातळी उतरली की आपल्याकडे ठरलेला उपाय: बाटली आणायची, ओतायची, झाकण लावायचं, चला पुढं. पण ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. तिथलं ऑइल इंजिनातल्या ऑइलसारखं जळत नाही, कूलंटसारखं उडून जात नाही. ते कमी झालं तर एक तर ब्रेक पॅड झिजलेत, नाहीतर ऑइल कुठून तरी बाहेर पडलंय. तिसरं कारण नाही. म्हणून ओतायच्या आधी विचारायचं, गेलं कुठं?

काळी माती सगळं पोटात घालते

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं आपलं उमापूर गोदावरीच्या खोऱ्यातलं. गेवराईकडे निघा नाहीतर शेवगावकडे, रस्ता सपाट. ब्रेक अर्धामुर्धा लागत असला तरी महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. पॅडल थोडं जास्त दाबायची पायाला सवय होऊन जाते. खरी परीक्षा बीड ओलांडून सोलापूरच्या वाटेला मांजरसुंब्याचा घाट लागतो तिथं, किंवा धारूरच्या घाटात. म्हणजे नेमकी जिथं परीक्षा द्यायला नको तिथं.

दुसरी अडचण अंगणाची. शहरात पार्किंगच्या फरशीवर थेंब पडला की डाग ओरडून सांगतो. इथं गाडी उभी राहते मातीवर, आणि काळी माती रात्रभरात पडलेले दहा-वीस थेंब पिऊन टाकते. सकाळी काहीच दिसत नाही. यावर बिनपैशाची तपासणी आहे. फ्रिजच्या नाहीतर टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा रात्री गाडीखाली सरकवायचा. सकाळी डाग कुठं पडलाय ते बघायचं. चाकाच्या आतल्या बाजूला डाग असेल तर संशय ब्रेकवर. मधोमध, इंजिनाखाली असेल तर बहुधा इंजिन ऑइल. समोर रेडिएटरखाली हिरवट किंवा गुलाबी डाग असेल तर कूलंट. आणि मे महिन्यात पुढच्या डाव्या सीटखाली पाण्याचं थारोळं दिसलं तर छातीत धडकी भरू देऊ नका, तो एसी आपलं काम चोख करतोय.

पेलाभर पाण्याची लॅबोरेटरी

डाग ऑइलचा आहे एवढं कळलं, पण कुठल्या ऑइलचा? पेलाभर पाणी घ्या आणि संशयित थेंब त्यात सोडा. इंजिन ऑइल वर तरंगेल, इंद्रधनुषी चकती करील. ब्रेक ऑइल बघता बघता पाण्यात विरघळून जाईल. कारण नेहमीच्या गाड्यांत वापरलं जाणारं ब्रेक ऑइल ग्लायकोल जातीच्या रसायनांचं असतं, खनिज तेलाशी त्याचं नातं नाही. नवं असताना फिकट पिवळं, जुनं झालं की चहासारखं, आणि फारच दुर्लक्ष झालं की काळपट.

पाण्याशी असलेली ही दोस्तीच त्याचं सगळ्यात मोठं वैगुण्यही आहे. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. डबीच्या झाकणातून, रबरी नळ्यांच्या अंगातूनसुद्धा. म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात, गाडी उभी असो की पळत असो. आणि म्हणूनच गॅरेजच्या फळीवर बूच न लावता ठेवलेली अर्धी बाटली आपल्या गाडीत ओतू द्यायची नाही. सीलबंद बाटली समोर फोडून घ्यायची. मागायला लाज कसली?

रंगाशी मात्र त्याचं हाडवैर. बॉनेटच्या कडेवर किंवा मोटारसायकलच्या टाकीवर थेंब सांडला आणि तसाच राहिला, तर रंग फुगून पापुद्रे सुटतात. फडक्यानं पुसण्यापेक्षा भरपूर पाणी ओतावं. पाण्यात विरघळतं ते इथं कामी येतं.

लाल दिवा आणि निरपराध हँडब्रेक

डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा बऱ्याच गाड्यांत दोन कारणांनी लागतो: हँडब्रेक ओढलेला असला तर, आणि डबीतलं ऑइल कमी झालं तर. आपल्याला पहिलंच कारण माहीत. त्यामुळं माणूस हँडब्रेक दोनदा वरखाली करतो, दिवा जात नाही, मग "सेन्सर गेला असंल" म्हणून निकाल लावतो.

खरं तर हा दिवा आधी डोळे मिचकावून सूचना देतो. डबीत एक तरंगता फ्लोट असतो. पातळी खालच्या खुणेजवळ आली की वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा क्षणभर लागून विझतो. वळण संपलं, दिवा गेला, आपण विसरलो. हा क्षणभराचा दिवा म्हणजे गळतीची सर्वांत स्वस्त बातमी.

आता उलट बाजूही सांगायला हवी. पॅड झिजत जातात तसतसा ते दाबणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागची जागा भरायला ऑइल लागतं आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. गळती नावाला नसते. अशा वेळी कुणी डबी काठोकाठ भरून दिली, की नवे पॅड टाकताना पिस्टन मागं दाबला जातो, ऑइल उलटं येतं आणि डबीतून उतू जातं. खाली रंग असतोच वाट बघत.

चोर कुठं कुठं लपतो

गळती शोधताना सगळ्यात पहिला संशय घ्यायचा तो मागच्या चाकांवर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या, बोलेरो, पिकअप, छोटा हत्ती, या सगळ्यांच्या मागच्या चाकांना ड्रम असतात. ड्रमच्या आत बोटाएवढा व्हील सिलिंडर, त्याच्या दोन टोकांना रबरी कप. हे कप झिजले, आतली भिंत गंजून खरबरीत झाली की ऑइल झिरपतं. बाहेर मात्र धुळीची टोपी बसवलेली असते, ती काही दिवस हा सगळा कारभार झाकून ठेवते. म्हणून जाणता मिस्त्री ड्रम काढला की आधी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं ती रबरी टोपी किंचित उचलून बघतो. आत दमटपणा चालेल. ओघळ आला तर निदान झालं. बाहेरून ओळखायचं तर टायरच्या आतल्या बाजूला ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ.

पुढं डिस्क असेल तर कॅलिपर बघायचा. इथं एक छोटी करामत आहे. ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागं ओढायला कॅलिपरमध्ये स्प्रिंगच नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी काठाची रबरी रिंग ब्रेक लागताना थोडी मुरडते आणि सुटताना पूर्ववत होते. त्या मुरडीनंच पिस्टन केसभर मागं येतो. ही रिंग कडक झाली तर दोनपैकी एक रोग ठरलेला: ऑइल गळतं, नाहीतर ब्रेक चिकटून राहतो आणि रिम तापते.

मग लवचीक होज पाईप. चाक वळतं, खालीवर होतं, म्हणून तिथं लोखंडी नळी चालत नाही, रबरी लागते. ती वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या की दिवस भरले. होज जिथं कॅलिपरला बसतो तिथं बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर असतात. तेच जुने वायसर परत बसवायचे आणि नंतर "नवीन होज टाकला तरी गळतंय" म्हणायचं, हा प्रकार फार होतो. तांबं एकदा दबलं की दबलं. दोन वायसरची किंमत ती काय!

लोखंडी नळ्या चेसीसच्या पोटाशी क्लिपांनी धरलेल्या असतात. क्लिप तुटली की नळी हादरून घासते. क्लिपखाली चिखल बसला की तिथंच गंजते. अशा नळीला एम-सील फासण्याचा मोह गावात कुणाला होत नाही? पण आकडे बघा. टायरमध्ये आपण ३२-३३ पीएसआय हवा भरतो. जोरात ब्रेक मारला की या पेन्सिलीपेक्षा बारीक नळीत १००० पीएसआय आणि त्याहून जास्त दाब तयार होतो, टायरच्या तीसपट. एम-सील पाण्याच्या टाकीला ठीक, इथं त्याचा टिकाव लागायचा नाही. नळीच बदलायची, आणि तिची तोंडं नीट फ्लेअर करूनच. नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळणं हाही शुद्ध वेळेचा अपव्यय; तिथली पकड धातूवर धातू घट्ट बसण्याची असते, आट्यांची नव्हे.

सगळ्यात लबाड जागा पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरची. त्याच्या मागं बूस्टर नावाचा मोठा काळा डबा असतो, आणि त्यात निर्वात असतो. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल थेट त्या डब्यात ओढलं जातं. पुठ्ठा कोरडा, चाकं कोरडी, नळ्या कोरड्या, आणि डबी मात्र दर आठवड्याला खाली! पेट्रोल गाडीत कधी कधी हेच ऑइल निर्वाताच्या पाइपातून इंजिनात जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. मग इंजिन उघडायची चर्चा सुरू होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अशा वेळी मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो किंचित पुढं ओढला, की मागं ओल दिसते आणि चर्चा थांबते.

याच मास्टर सिलिंडरचा आणखी एक रोग आहे ज्यात एक थेंबही कमी होत नाही. इंजिन चालू ठेवून पॅडलवर पाय सारख्या दाबानं धरून ठेवा. पॅडल आपोआप हळूहळू खाली जात राहिलं आणि गळती कुठंच सापडली नाही, तर आतले कप ऑइल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सोडतायत. बाहेर सगळं आलबेल, आत फितुरी.

आणि हे सगळं तपासून हात टेकले असतील तर क्लच बघा. हायड्रॉलिक क्लचच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतून ऑइल घेतात. गळतो क्लच, बदनाम होतो ब्रेक.

रॉकेलनं धुतलं, तिथंच घात झाला

गॅरेजात कुठलाही पार्ट साफ करायला हाताशी काय असतं? डिझेल, पेट्रोल, पूर्वी रॉकेल. गिअरबॉक्सला चालतं, बेअरिंगला चालतं. ब्रेकच्या रबराला नाही. ब्रेकचे कप आणि सील ज्या रबराचे असतात ते ग्लायकोलमध्ये वर्षानुवर्षं सुखानं राहतं, पण खनिज तेलाचा स्पर्श झाला की फुगतं, मऊ पडतं. डबीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं, तर काही काळ सगळं ठीक वाटतं आणि मग चारही चाकांचे कप, होज, मास्टर सिलिंडरचं किट, सगळंच बदलायची वेळ येते. पाचशे मिलीची काटकसर हजारोंत जाते. ब्रेकचा पार्ट धुवायचा तो ब्रेक क्लीनरनं, नाहीतर ताज्या ब्रेक ऑइलनंच.

ड्रममधले ब्रेक लायनर ऑइलमध्ये भिजले असतील तर? सँडपेपर मारून, उन्हात वाळवून, काही ठिकाणी तर पेटवून "सुकवून" परत बसवतात. लायनरनं आत शोषलेलं ऑइल गरम झालं की पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. भिजलेले लायनर टाकूनच द्यायचे, आणि नवे दोन्ही बाजूंना बसवायचे. एका चाकाला नवे, दुसऱ्याला जुने, असं केलं की ओढाताण कायम. एक सूचना फुकटात: ड्रम उघडल्यावर आतली भुकटी तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ते छातीत गेलं की निघत नाही.

एरंडेल, लॉकहीड आणि आपले वालचंदशेठ

द्रवाला एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलचा. त्याचा ग्रंथ छापला गेला १६६३ मध्ये, तो वारल्यानंतर. त्यावर गाडी थांबवायची युक्ती निघायला अडीचशे वर्षं गेली. अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडनं १९१७ मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट मिळवलं. विमानांच्या लॉकहीड कंपनीशी नाव जोडलं गेलेला ॲलन त्याचा भाऊ. एक भाऊ विमानं उडवण्याच्या मागं, दुसरा गाड्या थांबवण्याच्या. १९२१ मध्ये ड्युसेनबर्ग या महागड्या गाडीच्या चारही चाकांना हे ब्रेक आले आणि १९२४ मध्ये क्रायसलरनं ते तिच्या मानानं बऱ्याच स्वस्त गाडीत आणले.

त्या काळी नळ्यांत काय भरायचे माहीत आहे? एरंडेल आणि अल्कोहोल! लहानपणी नाक दाबून जे पाजायचे, तेच एरंडेल. आजही जगात सर्वांत जास्त एरंडी पिकते ती भारतात, आणि त्यातही गुजरातमध्ये. आपल्या बांधावरच्या एरंडाकडं जरा आदरानं बघायला हरकत नाही. गळती मात्र तेव्हापासूनच पाचवीला पुजलेली. लॉकहीडच्या सुरुवातीच्या ब्रेकमध्ये कातड्याचे कप होते आणि ते गळायचे. क्रायसलरच्या इंजिनिअरांनी तिथं रबर आणलं. हेन्री फोर्ड मात्र हटून बसले होते. त्यांच्या गाड्यांत सळया आणि तारांचे ब्रेक चालू राहिले, ते थेट १९३९ चं मॉडेल येईपर्यंत.

आता यात आपला संबंध. गेवराईतून जाणारा धुळे–सोलापूर महामार्ग जिथं पोचतो, त्या सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ च्या सुमारास ज्या गाड्या जुळवायला घेतल्या त्या याच क्रायसलरच्या, डॉज आणि प्लिमथ. पुढं फियाट आली, तिची प्रीमियर पद्मिनी झाली. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम, म्हणजे जुन्या टॅक्सीवाल्यांना व्हील सिलिंडरचे कप बदलणं पाठच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती; वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय पुण्यात १९६६ मध्ये निघाली. पुणेकरांनी तिच्या नावानं टेकडीच ओळखायला सुरुवात केली. रोज पहाटे "एआरएआय टेकडीला" जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की त्यांच्या गाडीचे ब्रेक ज्या कसोट्यांवर उतरावे लागतात त्या तिथं घेतल्या जातात! आपल्या अंगानं म्हणाल तर उमापुराहून शेवगावमार्गे नगरला गेलं की डीआरडीओची व्हीआरडीई आहे, लष्करी वाहनांची प्रयोगशाळा. तिच्या वसाहतीचं नावच वाहननगर.

एका ब्रेकमध्ये चहाचं आधण

तेराशे किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून एकदम थांबवली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात साधारण एक लिटर पाण्याला साध्या तापमानापासून उकळी फुटेल. दहा जणांचा चहा, एका ब्रेकमध्ये. वेग निम्मा, ४० केला तर उष्णता निम्मी नाही, पावपट होते. घाटात दर वळणावर पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्यानं किती आधणं ठेवली याचा हिशेब करून बघा.

यातली काही उष्णता ऑइलपर्यंत पोचते. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ चं २३० आणि डॉट ५.१ चं २६०. पण त्यात पौणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हेच किमान आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पॅडल बुडाला टेकतं. माणूस गाडी कशीबशी कडेला घेतो, मिस्त्रीला फोन करतो. मिस्त्री येईपर्यंत ऑइल थंड, वाफ परत द्रव, पॅडल टणक. "काय झालतं ओ? ब्रेक तर झकास लागतोय की." गळती नाही, पार्ट खराब नाही, आणि सांगणारा खोटा पडतो. अशा वेळी मालकावर विश्वास ठेवून ऑइल बदलावं.

डॉट ५ आणि डॉट ५.१ यांत फक्त एका टिंबाचा फरक दिसतो, पण डॉट ५ सिलिकोनचं असतं, बहुधा जांभळ्या रंगाचं, आणि ते बाकीच्यांत मिसळत नाही. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच आणायचं.

अर्धा ब्रेक शिल्लक

आताच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर दुहेरी असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका नळीवर, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसऱ्या. डबीच्या पोटातही आडवी भिंत असते, म्हणजे एक बाजू सगळी गळाली तरी दुसरीचं ऑइल राहतं. पॅडल खूप खाली जाऊन मग लागायला लागलं तर समजायचं, एक बाजू गेली, दुसरीवर चाललंय. गाडी थांबते, पण जास्त अंतर घेते. तशी रेटत गॅरेज गाठायची नाही; टोचण करून न्यायची.

चालत्या गाडीत पॅडल गेलंच, तर भराभर पंप मारायचा, एकेक गिअर उतरवायचा आणि हँडब्रेक बटन दाबून धरून हळूहळू ओढायचा. हिसका द्यायचा नाही, मागची चाकं लॉक होतात. तारेचा हँडब्रेक ऑइलवर चालत नाही, म्हणूनच तो अशा वेळी कामाला येतो. अर्थात त्याची तार सुस्थितीत असली तर.

दिवाळीनंतर साखर कारखाने पेटतात आणि बीड जिल्ह्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. तेव्हा रस्त्यावर ट्रॅक्टर वाढतात, आणि त्यांचं शास्त्र वेगळं. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन स्वतंत्र ब्रेक पॅडल असतात, शेतात जागेवर वळण घेता यावं म्हणून. रस्त्यावर आल्यावर ते कडीनं जोडायचे असतात. न जोडता एकच दाबलं की ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा. आणि नव्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेलेच असतात. कारमध्ये जे घडलं की लायनर फेकावे लागतात, तेच तिथं रोजचं. ट्रकचं आणखी तिसरंच. हवेच्या ब्रेकमध्ये मागच्या चाकांची स्प्रिंग हवेनं दाबून धरलेली असते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ट्रक जागेवर जाम. गळती झाली तर थांबायचं, पळायचं नाही, ही अक्कल रेल्वेत जॉर्ज वेस्टिंगहाउसनं आणली. तरीही बोर घाटात आणि कसारा घाटात, जिथं रूळ ३७ फुटांना एक फूट चढतात, रेल्वेनं कॅच सायडिंग ठेवल्या. उतरणारी गाडी आवरली नाही तर तिला चढावर नेऊन थांबवणारे ते आडमार्गाचे रूळ.

"दाब, धर, सोडू नको!"

पार्ट बदलला की नळ्यांत हवा शिरलेली असते. हवा दबते, ऑइल दबत नाही. म्हणून पॅडल स्पंजासारखं लागतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. गॅरेजातला पोऱ्या सीटवर, मिस्त्री चाकामागं उताणा, हातात रिंग पाना, हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावलेली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं.

"दाब."

"दाबलं."

"परत. परत. आता धर, सोडू नको!"

पाव आटा निपल सैल होतो. नळीतून काळपट ऑइल आणि बुडबुडे येतात. पोऱ्याचा पाय बुडाला टेकतो.

"गेलं खाली."

"राहू दे तसंच." निपल आवळतो. "हां, सोड."

निपल आवळायच्या आधी पाय सोडला तर निघालेली हवा परत आत. सगळी मेख आधी आवळणं, मग सोडणं या क्रमात आहे. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं चाक पहिलं. काही गाड्यांत, विशेषतः एबीएस असलेल्यांत, कंपनीचा क्रम वेगळा असतो, तो बघावा. मध्येमध्ये डबीत ऑइल भरत राहायचं. ती रिकामी झाली की पहिल्यापासून सगळं पुन्हा. बाटलीत जमलेलं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत वापरायचं नाही, आणि विहिरीच्या नाहीतर नाल्याच्या कडेला ओतायचं तर नाहीच. ते विषारी असतं.

नंतर इंजिन चालू करून पॅडल दाबून धरायचं. टणक राहिलं, सगळे जोड कोरडे राहिले, तरच चाक हलवायचं. तेही आधी चालण्याच्या वेगानं, मोकळ्या जागेत. रात्री पुन्हा तोच पुठ्ठा खाली.

आणि निपलच्या तोंडावरची रबरी टोपी बसवून घ्यायची. करंगळीच्या नखाएवढी वस्तू, दहापैकी नऊ गाड्यांना नसतेच. ती नसली की निपलच्या भोकात चिखल बसतो, आटे गंजतात, आणि पुढच्या वेळी पाना लावताच निपलची मुंडी हातात येते. मग तीस-चाळीस रुपयांच्या निपलपायी अख्खा सिलिंडर बदला.